‘एका रुमालासाठी सात वर्षं’ हे रेकॉर्ड वाचायचं कसं

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमची सून ऑस्ट्रेलियन, तिच्या खापरपणजीला इंग्लंडमधून तस्मानियाला पाठवलं होतं, घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की ‘बिचारीने एक रुमाल आणि दोन चमचे घेतले म्हणून सात वर्षं काळं पाणी’, आणि तुम्ही विचारताय की कायदा खरंच इतका निर्दयी होता की घरचे लोक गोड करून सांगतात. तर उत्तर असं की दोन्ही खरं. कायदा निर्दयी होताच, आणि घरचे गोड करूनही सांगतात, पण या दोन्हीच्या मधे एक तिसरी गोष्ट आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे कोर्टाच्या कागदावर चोरीची जी किंमत लिहिलीये ती बऱ्याचदा मुद्दाम खोटी लिहिलेली असते, आणि ती कमी लिहिणाऱ्यांनी बाईवर दया म्हणून लिहिलेली असते.

मी इथे तस्मानियातल्या होबार्टमधे बरीच वर्षं हेच काम करते, लोकांच्या पणज्या-खापरपणज्या जुन्या कागदांतून शोधून द्यायच्या. सुरुवातीला मीही ‘अरे देवा, एका परकरासाठी!’ असंच म्हणायचे. आता नाही म्हणत, कारण कागद वाचायला शिकले.

आता हा किमतीचा घोळ काय ते बघा. तेव्हाच्या इंग्लंडमधे चोरीची शिक्षा मालाच्या किमतीवर ठरायची. एका शिलिंगच्या, म्हणजे 12 पेन्सच्या, आतली चोरी ती लहान, वरची ती मोठी. दुकानातून 5 शिलिंग किंवा जास्तीचा माल गुपचूप उचलला तर फाशी, हा 1699 चा कायदा. राहत्या घरातून 40 शिलिंग किंवा वरचा माल नेला तर फाशी, हा 1713 चा. 20 शिलिंगचा एक पौंड, म्हणजे 40 शिलिंग झाले दोन पौंड, आणि घरकामाच्या मुलीला वर्षाला मिळायचेच काही पौंड. मग व्हायचं काय की मालक कोर्टात येऊन सांगायचा माझा पाच पौंडांचा माल गेला, साक्षीपुरावा सगळा नीट, बाई तर पकडलीच गेलेली, आणि ज्युरी, म्हणजे निकाल देणारे बारा पुरुष, आत जाऊन बाहेर यायची आणि सांगायची, दोषी आहे पण माल फक्त 39 शिलिंगचा. 39 च बरं का, कारण 40 ला फास होता. ओल्ड बेलीच्या, म्हणजे लंडनच्या मुख्य फौजदारी कोर्टाच्या, छापील नोंदींत हा 39 चा आकडा इतक्यांदा येतो की पहिल्या महिन्यातच तुम्हाला हसू येईल, नंतर येत नाही. ब्लॅकस्टन नावाचा त्या काळचा मोठा कायदेपंडित होता, त्याने या प्रकाराला चक्क धर्मात बसणारी खोटी शपथ अशा अर्थाचं नाव दिलंय. त्यामुळे सुनेच्या कागदावर ‘मूल्य 10 पेन्स’ असं काही दिसलं तर लगेच हळहळू नका, तो दहा पेन्सचा आकडा म्हणजे बारा अनोळखी पुरुषांनी तिच्यासाठी केलेली लबाडी असू शकते. आणि गंमत अशी की एवढी लबाडी करूनही हद्दपारी टळायचीच असं नाही, 1718 च्या कायद्याने लहान चोरीलाही सात वर्षं समुद्रापार पाठवता यायचं.

दुसरं म्हणजे रुमाल. आपल्या डोक्यात रुमाल म्हणजे खिशातला टीचभर कपडा, दहा रुपयाला तीन. तो रुमाल तसा नव्हता हो. मोठा चौकोनी रेशमी कापडाचा तुकडा, गळ्यात बांधायला किंवा तपकीर ओढून नाक पुसायला, आणि त्यातही सगळ्यात भाव कशाला तर हिंदुस्थानातून आलेल्या रंगीत ठिपक्यांच्या रुमालाला, कारण त्याच्यावर तपकिरीचे डाग दिसायचे नाहीत. बंडाना हा शब्द आपल्या बांधणीच्याच कुळातला. चिंट्झ म्हणजे आपलं चीट, कॅलिको आपल्या कालिकतचं. आशियातलं रेशमी आणि छापील कापड इंग्लंडमधे वापरायला अठराव्या शतकात बरीच वर्षं कायद्याने बंदी होती, म्हणून तर ते जास्तच हवंहवंसं वाटायचं. मला हे कागद वाचताना दर वेळी जरा विचित्रच वाटतं, की आपल्याकडच्या कुठल्यातरी विणकराने-रंगाऱ्याने केलेला कपडा लंडनच्या एका खिशातून निघतो आणि त्याच्यापायी एक मुलगी पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला जाते.

कापड हे तेव्हा पैशासारखंच चालायचं. आपल्याकडे अडचणीला पितळेची भांडी आणि ठेवणीतलं लुगडं सावकाराकडे जायचं ना, अगदी तसंच तिथे झगा, शाल, चादर, चमचे गहाणवाल्याकडे जायचे, सोमवारी ठेवायचे आणि शनिवारी पगार झाला की सोडवायचे. चोरीचा मालही तिथेच जायचा आणि बाया पकडल्याही तिथेच जायच्या, कारण गहाणवाला चिठ्ठी द्यायचा आणि ती चिठ्ठी बाईच्या अंगावर सापडायची. कित्येक केसेसमधे पुरावा एवढाच असतो, चिठ्ठी आणि गहाणवाल्याची साक्ष.

मग चोरायच्या कोण, तर जास्तीत जास्त घरकामाच्या मुली. इंग्लंडमधे 1829 पर्यंत आजच्यासारखे पोलीस नव्हते, खटला ज्याचं गेलं त्यानेच चालवायचा, म्हणजे मालकीणच फिर्यादी. पगार थकलाय, कामावरून काढलंय, जाताना मुलीने दोन चादरी आणि चमचे पदराखाली नेले, हे चित्र इतक्यांदा दिसतं की मी आता नुसती वस्तूंची यादी बघूनही सांगू शकते की ही घरातली चोरी की दुकानातली. आणि एक गैरसमज इथेच खोडून टाकते कारण तुमच्या सुनेला कुणीतरी तोंडावर म्हटलंच असेल. या बायका वेश्या म्हणून हद्दपार झाल्या असं इथेही लोक सर्रास बोलतात, तर वेश्याव्यवसाय हा हद्दपारीचा गुन्हाच नव्हता. काहीजणींच्या कागदावर ‘ऑन द टाउन’ अमुक महिने असा शेरा असतो, म्हणजे तेवढे दिवस तिने त्या मार्गाने पोट भरलं असं कारकुनाने लिहून घेतलं, पण ती आली चोरीसाठी.

आता निर्दयीपणाचं विचाराल तर मेरी वेडची केस सांगते, ही सगळ्यात प्रसिद्ध आहे. वय साधारण 11. लंडनला तिने आणि तिच्याहून थोड्या मोठ्या एका मुलीने मिळून पाणी भरायला आलेल्या आठ वर्षांच्या पोरीला संडासात नेऊन तिचा झगा, टोपी आणि खांद्यावरचं वस्त्र काढून घेतलं आणि झगा गहाण टाकला. जानेवारी 1789 मधे दोघींना फाशी सुनावली. हे चोरीत नाही दरोड्यात धरलं गेलं, म्हणून 39 शिलिंगची युक्तीही कामाला आली नाही. मार्चमधे वेडाच्या आजारातून राजा तिसरा जॉर्ज बरा झाल्याचं जाहीर झालं, त्या आनंदात न्यूगेट तुरुंगात फाशीची वाट बघणाऱ्या बायकांना माफी देऊ केली, अट एकच, जन्मभरासाठी समुद्रापार जायचं. आणि इथे खरी गोष्ट आहे. काहीजणी भर कोर्टात नाही म्हणाल्या. इथे आमच्या देशाच्या कायद्याने मरू, पण तिकडे जाणार नाही. जजसाहेबांचा इतका संताप झाला, त्यांना वाटलं होतं पाय धरतील. नंतर त्या बायकांना अंधारकोठडीत ठेवून बऱ्याचजणींचा होकार मिळवला. न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनीकडची वसाहत, म्हणजे काय हे त्यांना माहीतच नव्हतं, फाशी निदान माहितीची होती. आपल्या आज्या-पणज्या काळं पाणी ओलांडायला घाबरायच्या ते जातीधर्मामुळे असं आपण म्हणतो, त्या लंडनच्या गल्लीतल्या बायांना कुठला धर्म आड येत होता?

मेरी वेड गेली ‘लेडी ज्युलियाना’ जहाजावरून. हे जहाज 1789 च्या जुलैमधे निघून 3 जून 1790 ला सिडनीला पोचलं, वर दोनशेच्यावर बायका. तिला पुढे 21 मुलं झाली, 1859 मधे म्हातारी होऊन मेली तेव्हा हयात वंशज तीनशेच्या घरात होते म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड हे तिचेच वंशज. तर सुनेला सांगा, संगत वाईट नाहीये.

त्याच जहाजावरची दुसरी एक, सेरा व्हिटलम, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जहाजावर जॉन निकोल नावाचा स्कॉटिश खलाशी होता, त्याचं तिच्यावर प्रेम बसलं, जहाजावरच त्यांना मुलगा झाला, आणि म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या त्यात ठासून लिहिलंय की बिचारीने मैत्रिणीकडून अंगावर पांघरायचा एक झगा उसना घेतला होता आणि त्या मैत्रिणीने डूख धरून चोरीचा आळ घेतला. आणि इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या कोर्टाची तिच्या खटल्याची नोंद काढली तर कापडचोपडाची ही लांबलचक यादी. आता निकोल खोटं बोलत नव्हता, तिने त्याला जे सांगितलं तेच त्याने लिहिलं. बाईने नव्या आयुष्यात नव्या माणसाला जी गोष्ट सांगितली ती पुढे घराण्याची गोष्ट होते. तुमच्या सुनेच्या घरचा रुमालही असाच कुठेतरी सुरू झाला असेल. मी याला खोटं म्हणत नाही, तुम्ही-आम्ही तरी मुलांना काय सांगितलं असतं?

आता हे सगळं समुद्रापार कशाला, तर आधी अमेरिकेत पाठवायचे, पन्नासेक हजार लोक तिकडे गेले, मग तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि दार बंद झालं. तुरुंग तुंबले, जुन्या जहाजांच्या सांगाड्यांत पुरुष कोंबले, शेवटी 1787 च्या मे महिन्यात 11 जहाजांचा पहिला ताफा निघाला आणि जानेवारी 1788 मधे ऑस्ट्रेलियात पोचला. तिथपासून 1868 पर्यंत एकूण एक लाख साठ हजारांच्यावर कैदी आले, त्यात बायका साधारण 25,000. न्यू साउथ वेल्सला 1840 ला थांबलं, तस्मानियाला 1853 ला. शेवटच्या वर्षांत पश्चिम ऑस्ट्रेलियाला कैदी गेले पण बाई कैदी एकही नाही.

शिक्षा ठोठावलेली प्रत्येक बाई जहाजावर चढायचीच असंही नाही, म्हाताऱ्या, आजारी, कित्येक मागेच राहायच्या. सरकारला वसाहतीत तरुण बायका हव्या होत्या कारण तिथे पुरुषच पुरुष झाले होते. त्यामुळे चमचे चोरणाऱ्या दोघींपैकी विशीतली गेली आणि पन्नाशीतली इंग्लंडच्या तुरुंगातच बसली असं घडायचं. म्हणून मी म्हणते रुमालाची शिक्षा ही नुसती रुमालाची नव्हती.

आणि सात वर्षं म्हणजे सात वर्षं नव्हेच. मुदत संपली की बाई मोकळी, पण परतीचं तिकीट सरकार देणार नाही. पुरुष खलाशाचं काम धरून परत जाऊ शकत होता, बाई कशी जाणार? तेव्हा कागदावर सात, प्रत्यक्षात जन्मभर. मागे राहिलेली मुलं तिने पुन्हा पाहिली नाहीत. लहान लेकरं काहीजणी बरोबर आणायच्या, मोठी मागे.

प्रवासाबद्दल जास्त लिहीत नाही, त्यावर सिनेमे-बिनेमे बघून लोकांना भरपूर माहिती असते. एवढंच सांगते की 1790 च्या दुसऱ्या ताफ्यात खासगी ठेकेदारांनी माणसं उपाशी मारली, साधारण चारातला एक वाटेत मेला. पुढे 1815 नंतर प्रत्येक जहाजावर सरकारी डॉक्टर आला, मरणारे खूप कमी झाले. पण दैव वेगळंच असतं, बायका कैदी घेऊन निघालेलं ‘अँफिट्राइट’ जहाज 31 ऑगस्ट 1833 ला फ्रान्सच्या बुलोन बंदरासमोरच वाळूत रुतलं, किनाऱ्यावरून लोक बघतायत, आणि कप्तानाने बायकांना उतरवलं नाही, कैदी पळतील म्हणून. 108 बायका आणि 12 मुलं बुडाली, खलाशांतले तीन वाचले.

त्यामानाने ‘राजा’ जहाजाची गोष्ट मनाला बरं वाटणारी. हो, नाव खरंच राजा. 1841 मधे 180 बायका घेऊन ते होबार्टला आलं. एलिझाबेथ फ्राय नावाच्या क्वेकर, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या, बाई होत्या, न्यूगेटमधल्या बायकांसाठी त्यांनी आयुष्य घातलं, त्यांच्या मंडळाने प्रत्येकीला सुया, दोरा आणि चिंध्यांचे तुकडे दिले होते. त्यातून जहाजावर एक भली मोठी गोधडी झाली, 2,815 तुकडे. आपल्याकडच्या वाकळेसारखा टाका नाही तिचा, पण तुकडे चीटाचेच. ती गोधडी मधे गायबच होती, 1989 ला एडिनबरोच्या एका माळ्यावर सापडली, आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मी बघितलीये, काही टाके एकदम सुबक आणि काही असे की माझी आई म्हणाली असती उसव आणि परत घाल.

इथे उतरल्यावर काय, तर बहुतेकींना कुणाच्यातरी घरी कामाला लावायचे. म्हणजे ज्या कामातून चोरी केली त्याच कामावर परत, पगार मात्र नाही. मालकिणीशी पटलं तर ठीक, नाही पटलं तर मॅजिस्ट्रेटपुढे, आणि तिथून फिमेल फॅक्टरीत. फॅक्टरी म्हणजे कारखाना समजू नका, बायकांचा तुरुंग, कामाला लावणारा. सिडनीजवळ पॅरामॅटाची मोठी इमारत 1821 पासून, होबार्टची कास्केड्स 1828 पासून. कास्केड्स आधी दारूची भट्टी होती, डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याकाठी, हिवाळ्यात ऊनच येत नाही, भिंतींना ओल. तिथे शहराचे कपडे धुवायचे, लोकर कातायची. आत तीन वर्ग, सगळ्यात खालचा गुन्हेगार वर्ग, त्यांच्या कपड्यांवर पाठीला, बाहीला, परकरावर पिवळ्या कापडाचं मोठं सी अक्षर. शिक्षा म्हणून केस कापायचे आणि याला बायका कोठडीपेक्षा जास्त घाबरायच्या. लग्नाशिवाय दिवस गेले तर तोही गुन्हा, बाळंत व्हायला आत यायचं आणि वर शिक्षाही भोगायची. तिथे लहान मुलं फार मेली. मी पाहुण्यांना ती जागा दाखवायला नेते तेव्हा बाळांच्या अंगणाबद्दल दोन वाक्यं बोलून पुढे सरकते, मला तिथे थांबता येत नाही.

पण या काय गप्प बसणाऱ्या होत्या का. पॅरामॅटाला ऑक्टोबर 1827 मधे पाव-साखर कमी केली म्हणून बायका दार फोडून गावात घुसल्या आणि पोटभर खाऊन आल्या, सैनिक बोलवावे लागले.

कुणीतरी खाली विचारेलच म्हणून आपल्याकडचं सांगून टाकते. आपल्याकडूनही बायका काळ्या पाण्यावर गेल्या, अंदमानात साउथ पॉइंटला त्यांचा वेगळा तुरुंग होता, काही वर्षं नीट काढली की तिथल्याच कैद्याशी लग्नाची परवानगी मिळायची. पण त्या किरकोळ चोरीवाल्या नव्हत्या, बहुतेक खुनाच्या केसमधल्या, आणि त्यात नवऱ्याचा किंवा तान्ह्या बाळाचा खून बराच. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला 1881 मधे बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली, अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली आणि पुढे आणखी कमी झाली, त्या वेळी पेपरांत बायकांच्या नीतीवर जे काही छापलं गेलं त्याच्या रागातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 ला ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. म्हणजे दोन्हीकडे काळं पाणी एकच दिसतं, पण तिकडे मालमत्तेची भीती होती आणि इकडे अब्रूची. दोन्ही एकाच पानावर मांडू नका.

आता कामाचं. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात नाव इतकं कॉमन आहे की नुसत्या नावाने काहीच होणार नाही. इथे आम्ही नावाबरोबर जहाज लिहितो, अमुक बाई, अमुक जहाज. जहाज हेच इथे तिचं आडनाव, लग्नानंतरही सरकारी कागदात तेच चालू राहायचं. ते आधी शोधा. तस्मानियाला आली असेल तर तिच्या वर्तनाची नोंद जवळपास नक्की सापडेल, आणि इंटरनेटवर फुकट बघता येते. हे सगळे कैदी-कागद 2007 मधे युनेस्कोच्या यादीत गेलेत ते उगाच नाही, उंची, डोळ्यांचा रंग, देवीचे वण, हातावरचं गोंदण, इतकं कुठल्याही महाराणीबद्दल लिहिलेलं नसेल.

नोंदीत वरच्या भागात कोर्टाचा गुन्हा असतो, तो वाचून थांबू नका. त्याच्या खाली ‘स्टेटेड धिस ऑफेन्स’ असं असतं, म्हणजे उतरल्यावर कारकुनाने तिलाच विचारलं तू काय केलंस आणि तिने सांगितलं ते. बऱ्याचदा त्यात आधीच्या शिक्षाही येतात, एकदा शालीसाठी तीन महिने वगैरे, कारण कारकुनाच्या हातात इंग्लंडहून आलेला तुरुंगाचा शेरा असायचा आणि लपवून फायदा नसायचा. ‘पहिल्यांदाच चुकली’ ही घरची गोष्ट बहुधा इथेच पडते, तेव्हा सुनेला आधी सांगून ठेवा. त्याच्याखाली इथले गुन्हे, उद्धट बोलली, रात्री बाहेर राहिली, दारू प्यायली. यादी लांब असली तर बाई वाईट असं समजू नका, मालकीण तक्रारखोर असली तरी यादी लांबते. मालकांची नावं बदलतात कुठे ते बघा.

‘विधवा’ लिहिलं असेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. इथे लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागायची आणि नवरा तिकडे जिवंत असेल तर ती मिळणार नाही, म्हणून जहाजातून उतरतानाच कित्येकजणी विधवा व्हायच्या. लग्नपरवानगीचं रजिस्टर वेगळं आहे, तेही बघा.

आणि त्या दोन चमच्यांचं, मूळ कागदात बहुधा चांदीचे लिहिलेले असणार, तो शब्द घरच्या गोष्टीत गळतो. इंग्लंडमधल्या खटल्याचा कागद मिळाला तर मालकाने सांगितलेली किंमत आणि ज्युरीने धरलेली किंमत या दोन्ही सापडतात का बघा आणि मला कळवा, जहाजाचं नाव मिळालं की पुढचं मी काढून देते.